दारातली येळवस

आमच्या थोरल्या साडूंच्या मते माणसाचं कुठलंही दुखणं छपराखालीच सुरू होतं. डोकेदुखी असो, सासूसुनेचं भांडण असो नाहीतर अडकलेलं प्रमोशन, इलाज एकच: "भायेर चला." गुलबर्ग्याला त्यांच्या घरी गेलेल्या पाहुण्याला आत चहा मिळत नाही. अंगणातल्या कडुलिंबाखाली बसायचं, जरा वेळ पाखरं ऐकायची, मग कपबशी हाती येते. बँकेत मॅनेजर होते तेव्हा चिडलेल्या गिऱ्हाइकालाही ते आवारातल्या चिंचेखाली नेऊन बसवत. गिऱ्हाईक शांत होई, काम तसंच राही. एकदा माझं नि बायकोचं बिनसलं, तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना कडुलिंबाखाली एकाच बाजेवर बसवलं. वरून मुंगळे पडायला लागले. ते झटकता झटकता भांडण कशावरून होतं तेच आम्ही विसरलो. साडूंनी श्रेय मुंगळ्यांना न देता मोकळ्या हवेला दिलं.

पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या मोठ्या मेहुणी, खोलीतच बसून राहिल्या. गुडघा बरा झाला, पण त्या बाहेर येईनात, धड बोलेनात, हसेनात. उभ्या गुलबर्ग्याला बाहेर काढणारे साडू घरातल्या एका माणसापुढे हरले. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मग येळवस आली. आमच्याकडे त्या अमावास्येला सगळे भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी, आणि आंबील घेऊन शेतात जेवायला जातात आणि कडब्याचा कोप, म्हणजे छोटीशी खोप, घालून तिच्यात देव मांडून पूजा करतात. औरादच्या आपल्या शेतावर येणार नाही, असं अक्कांनी सांगून टाकलं. साडूंनी टेम्पोभर कडबा मागवला आणि भर कॉलनीत, अंगणातच अक्कांच्या खिडकीसमोर कोप घातला. पूजा झाली, आणि शेतात करतात तसेच साडू आंबील शिंपडत, ओरडत कोपाभोवती पळायला लागले. मागून मी. शेजारचे निवृत्त इंजिनियर आधी कुंपणावरून नुसते बघत होते, मग तेही लुंगी सावरत सामील झाले. दमून आम्ही कडुलिंबाखाली टेकलो आणि थोड्या वेळानं पाहतो तर कोप निम्मा झालेला. फाटक उघडं राहिलं होतं आणि मागच्या गल्लीतली म्हैस देव तेवढे सोडून सगळं खात होती. साडू काठी घेऊन धावले.

"अवो, तिला कामून हाकलायलाव?" दारातून आवाज आला. "सणाचं जेवायलीय की ती."

चौकट धरून, पदर तोंडाला लावून अक्का हसत होत्या. हसतच त्या अंगणात उतरल्या, कडुलिंबाखाली टेकल्या आणि त्यांनी भज्जी मागितली. आता मोकळ्या हवेवर भाषण होणार म्हणून मी तयारीत राहिलो. पण साडूंचे डोळे भरून आले होते. त्यांनी काठी टाकली, उरलेल्या कोपातून कडब्याची एक पेंडी उपसली आणि म्हशीपुढे ठेवली.