सीतेचा झंपर

मला सहली आवडत नाहीत, आणि सगळ्यांनी एकाच रंगाच्या टोप्या घालून फिरायचं म्हटलं की माझ्या कपाळावर आठ्याच येतात. तरी मी लंकेला गेले. आईला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं आणि तिला थांबवणं त्याहून नव्हतं. रामायणातल्या जागा दाखवणारी ती यात्रा आमच्या मैसूरच्या चामराजपुरममधल्याच एका गृहस्थांनी काढली होती. आईने कार्यक्रमातला पहिला दिवस वाचला, संध्याकाळी अशोकवाटिका, सीतेचं देऊळ, आणि पुढचं न वाचता म्हणाली, "साकु, पुरे. एवढं झालं तरी खूप मला."

आम्ही शिंपी. वडील गेल्यापासून दुकान आईच बघते, मी हूटगळ्ळीला एका कारखान्याच्या ऑफिसात जाते. रामायणातली एक गोष्ट आईच्या डोक्यातून कधी गेली नाही. "रावणाने उचलून नेली तिला, आणि बदलायला काय होतं गं तिच्याकडे? एवढं सगळं लिहिलं, पण हे कुणाला सुचलं नाही." म्हणून तिने सीतेसाठी हिरवी साडी घेतली आणि तिच्यावर झंपर शिवायला घेतला.

आमच्या घरात देवाचं कापड पुरं शिवून नेत नाहीत. शेवटचा टाका देवळात बसून घालायचा आणि दोरा तिथेच कात्रीने कापायचा. दुकानात आई दिवसभर दोरे दाताने तोडते, पण देवाच्या कपड्याला दात लागला की तो उष्टा झाला. त्यामुळे झंपराचं शेवटचं हूक लावायचं ठेवलं होतं. सुई, दोरा आणि कात्री तिने हातातल्या पिशवीत साडीबरोबर ठेवली. मोठ्या बॅगेत का नाही? तर मोठी बॅग लोकांच्या पायांत येते, देवाचं तिच्यात ठेवायचं नसतं.

बंगळूरच्या विमानतळावर कात्री काढून घेतली. मी आईवरच भडकले. "मला आधी विचारलं असतंस तर?" ती म्हणाली, "तिकडे मिळेल की. लंकेत काय लोक कपडे शिवत नाहीत?"

बरोबर होतं तिचं. कात्री कुठेही मिळाली असती, आमची बस थांबली असती तर. कोलंबोहून डोंगराकडे निघालो तेव्हा मी यात्राप्रमुखांना म्हटलं, एखाद्या दुकानापाशी दोन मिनिटं थांबवा. ते म्हणाले, "अक्का, प्रोग्रॅममध्ये नाही ते. टाइम इल्ला, वेळच नाही." आणि त्यानंतर हा गृहस्थ आम्हाला रत्नांच्या दुकानात घेऊन गेला. तिथे वेळच वेळ होता! बायका निळे खडे बोटांत घालून बघत होत्या. मी विक्रेत्याकडे कात्री मागितली, त्याने कानातली दाखवली. तिथून चहाच्या कारखान्यात. तिथेही फुकटचा चहा, मग विकतचा चहा, मग पुन्हा माणसांची मोजणी, मग कुणीतरी टोपी विसरलं म्हणून परत. आई बसमधून उतरलीच नाही. पिशवी मांडीवर धरून ती उतरत्या उन्हाकडे बघत होती, आणि ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जात होती.

शेजारच्या सीटवर मैसूरच्याच अग्रहार भागातल्या एक बाई होत्या. स्वभावाने वाईट नसाव्यात. पण "यजमानरु बरलिल्लवा?", मिस्टर नाही आले का, हे त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. मी नवऱ्याचं घर सोडून कधीच माघारी आले आहे, हे बसमधल्या निम्म्या मैसूरला माहीत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी खिडकी उघडली, गार वारा त्यांच्या तोंडावर सोडला.

देवळापाशी पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. ओढ्याकाठचं लहानसं, रंगीत देऊळ. पुजारी आवराआवर करत होते. "हत्तु निमिष! दहा मिनिटं फक्त!" यात्राप्रमुख ओरडले, आणि टोप्या फोटो काढायला धावल्या.

आई मंडपाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसली. गारठ्याने बोटं आखडली होती, तरी हूक बेताने लावलं, गाठ मारली, आणि थांबली. मी एकेकाकडे कात्री मागत फिरले. सगळ्यांच्या बॅगा बसच्या पोटात, ड्रायव्हर चहाला गेलेला. अग्रहारातल्या बाईंनी पर्समधून नेलकटर काढून पुढे केला. आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्यांनी तो मुकाट्याने परत ठेवला.

"दाताने तोड ना आता," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "पडदा ओढतायत ते!"

"लंकेतला दाणा तिने तोंडात घेतला नाही म्हणतात. मी उष्टं देऊ तिला?"

खाली बसचा हॉर्न वाजायला लागला. आईने सुई दोऱ्यातून ओढून काढली, दोरा तसाच लांब सोडला आणि झंपराची घडी घातली. गिऱ्हाइकाच्या कपड्याला बोटभर दोरा राहिला तरी दुकानाबाहेर न सोडणारी बाई! पुजाऱ्यांनी साडी-झंपर सीतेच्या पायांपाशी टेकवले, उचलले, बाजूच्या ढिगावर ठेवले आणि पडदा ओढला. नीट हात जोडायलाही सापडलं नाही.

बसमध्ये मी फणफणत होते. त्या खड्यांच्या दुकानाबद्दल यात्राप्रमुखांना काय काय सुनावायचं ते मनात जुळवत होते. आई मात्र सीटला डोकं टेकून निवांत बसली होती, आणि त्याचाही मला राग आला.

"मूर्ती एवढीशी," मी म्हटलं. "झंपर मात्र मोठ्या बाईचा. कुणाच्या मापाने शिवलास?"

"तुझ्या."

"माझ्या? माझा दंड तरी शिरेल का त्यात?"

"आत्ताच्या नव्हे गं." तिने माझा हात हातात घेतला. "तू घरी आलीस नी, त्या दिवशी घेतलं होतं ते माप. स्वल्पसुद्धा मांस नव्हतं अंगावर. ती पण तेवढीच उरली असेल."