दोन उशांवर बसलेला मुलीचा बाप

ही फजिती मीच सांगितलेली बरी. नाहीतर माझा साळा वसंता ती तिखटमीठ लावून तुम्हाला सांगेलच.

त्या काळी नागपुरात खुब्याचा सांधा बदलून घेतलेला माणूस म्हणजे नवलच. मी घेतला होता बदलून. पण हा नवा सांधा कसला? जरा वाकलं की खटकन जागेवरून निखळायचा. एकदा पलंगाखालची चप्पल काढताना निखळला, एकदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला हट्टानं पाटावर बसलो तेव्हा. दर वेळी इस्पितळ, भूल आणि डॉक्टरांची ओढाताण. शेवटी ते वैतागून म्हणाले, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, मांडीवर मांडी टाकायची नाही. तेव्हापासून मी उंच खुर्चीत, वर दोन उशा घालून बसू लागलो.

अशात वसंतानं आमच्या सुनंदासाठी काटोलचं स्थळ आणलं. संत्र्याच्या बागा, मुलगा इंजिनियर, घरची माणसं साधी. सुनंदाला तर मुलगा फोटोतच आवडला होता. आधीची स्थळं काही ना काही खोट काढून परत गेलेली, त्यामुळे मी धास्तावलो होतो. घरात हुकूम सोडला, खुब्याचा 'ख'सुद्धा काढायचा नाही! उद्या म्हणतील, हाडांचा रोग खानदानीच दिसतो.

"अहो, सांगून टाका न," बायको म्हणाली. "हे काय लपून राहते का?"

मी ऐकतो होय? काठी कपाटामागे टाकली आणि पाहुणे यायच्या आत खुर्चीत जाऊन बसलो.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि धोतर-टोपीतले आजोबा. आजोबा सतरंजीवर बसले, म्हणून सगळेच खाली बसले. आणि मुलीचा बाप कुठे? वर! दोन उशांवर, पाय फाकवून, एखाद्या मालगुजारासारखा.

"काहून जी, खाली नाही बसत?" आजोबांनी विचारलं.

"मला खुर्चीचीच सवय आहे."

"पायागियाले काही त्रास हाय का?"

"छे, पाय एकदम ठणठणीत."

सुनंदा पोहे घेऊन आली, तर आजोबांनी तिला धड काही विचारलंही नाही. माझ्याकडेच बघत राहिले. मग टोपी सारखी करून उठले आणि म्हणाले, "कळवतो."

आता 'कळवतो'चा अर्थ मुलीच्या बापाला सांगावा लागत नाही. दारात सुनंदाचं तोंड एवढंसं झालेलं. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आपला ताठा बघून म्हातारा दुखावला. एक वाकून नमस्कार केला की झालं. उठलो, दोन पावलं टाकली आणि आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

खट्!

"असू द्या जी," आजोबा म्हणाले. मी तसाच. "अजी, असू द्या न, उठा आता." उठतो कसला? मी त्यांचे दोन्ही घोटे घट्ट धरून आडवा झालेला. मुलाच्या आईला वाटलं, बिचारा पोरीसाठी गयावया करतो आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आतून बायको धावत आली. "निखळला वाटते पुन्हा!"

झाली बोंब. पाहुण्यांच्याच जीपमध्ये मला आडवं घातलं. डोकं होणाऱ्या जावयाच्या मांडीवर, पाय त्याच्या वडिलांच्या हातात, समोरच्या सीटवर आजोबा. वाटेत कण्हत कण्हत मी सगळं कबूल केलं आणि माफी मागितली.

आजोबा मागे वळले. "वसंतानं आम्हाले तुमच्या खुब्याचं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. इतकं विचारून राहिलो, तरी तुम्ही कबूल होत नव्हते. मले वाटलं, बाप सोताचा पाय लपवते, तर पोरीचं काय काय लपवत असन?"

माझं दुखणंच थांबलं. कसंबसं विचारलं, "मग आता?"

"आता काय? पोरगी पसंत हाय," आजोबा म्हणाले. "फक्त लग्नात आमच्या पोराचे पाय तुम्ही धुवाचे नाही."