पान उडालं आणि कॉइलला चिकटलं

पान उडालं! बास्केटमध्ये ठेवलेलं केळीचं पान, एकदम उठलंच. मशीनला पुढून काच आहे, काचेतून मला सगळं दिसलं. पान वर गेलं, गरगर फिरलं आणि जाऊन कॉइलला चिकटलं. मग धूर. आधी पांढरा, मग पिवळा, मग मॅडमच्या नव्या पडद्यांपर्यंत.

"अगं जळतंय! जळतंय!" सोनवणे मॅडम ओरडल्या.

"पाणी टाका कोणीतरी!" त्याच पुन्हा ओरडल्या.

"पाणी नको!" मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "करंट आहे मॅडम, पाणी नको!"

माझी पोरगी त्याच हॉलमध्ये, मॅडमच्या सासूबाईंच्या मांडीवर बसून खोकत होती. आणि मी तिथे कोण म्हणून उभी? तर एअर फ्रायर किती सेफ असतो ते दाखवायला आलेली बाई.

मी कोण ते सांगते. भुसावळला एक घरगुती मशिनांचं दुकान आहे, तिथे मी डेमोचं काम करते. डेमो म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मशीन चालवून दाखवायचं. शिक्षण माझं नववीपर्यंत, तेही इंग्रजीत नापास. माहेर सावद्याचं. केळीच्या मळ्यात वाढले मी. घरात मासा कधी आला नाही, सासरीही येत नाही. आणि किशोरभाऊ, म्हणजे आमचे शेठ, सकाळी म्हणतात, "आरती, दीपनगरला कॉलनीत सोनवणे मॅडमकडे भिशी आहे बायकांची. त्यांना फिश बघायचंय."

"भाऊ, मी बटाटे करते ना. बटाटे छान होतात."

"बटाटे बघून बघून त्यांना कंटाळा आला. फिशच कर. आणि ऐक, आज बुकिंग आलं तर तुझं पक्कं. नाही आलं तर मी दुसरी मुलगी बघतो. मला पण दुकान चालवायचंय."

पक्कं म्हणजे मला दुकानातच काम. ऊन झेलत बसमधून मशीन वाहायचं नाही, संध्याकाळी पोरीजवळ. नाही तर घरी. एवढंच होतं, पण माझ्यासाठी तेच सगळं होतं. त्यात माझ्या सासूबाई लग्नाला भडगावला गेलेल्या, म्हणून पोरगी कडेवर. भाऊंना ते सांगितलंच नाही.

निघताना भाऊ अजून एक बोलले. "बास्केटला वास राहायला नको. उद्या हेच मशीन सावद्याला न्यायचंय. तिथे माशाचा वास आला तर तुला मशीनसकट परत पाठवतील."

आता सावद्याच्या पोरीच्या डोक्यात काय येणार? आमच्याकडे गरम काही ठेवायचं, झाकायचं, गुंडाळायचं, तर केळीचं पान. मी बसस्टँडजवळून एक पान घेतलं. धुतलं, पुसलं, बास्केटच्या मापाचं कापलं. मासा पानावर, बास्केट कोरी. मला वाटलं, काय डोकं चालतं माझं!

एअर फ्रायर म्हणजे काय, ते मी सगळ्यांना असंच सांगते. वरती तापणारी तार असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्या वर पंखा. पंखा तो गरम वारा डब्यात जोरात फिरवतो. मे महिन्यात दुपारी भुसावळ स्टेशनबाहेर उभं राहिलं की जो वारा तोंडावर येतो ना, तोच वारा, डब्यात कोंडलेला. बायका हसतात आणि त्यांना समजतं पण.

मासा भरण्याआधी मशीन रिकामं तापवतात, त्याला प्रीहीट म्हणतात. मी पान आत ठेवलं आणि प्रीहीट लावलं. पानावर वजन काहीच नाही. आणि आत तो वारा. मग दुसरं काय होणार?

पण हे सगळं आता समजतंय. तेव्हा फक्त धूर समजत होता.

मी पळाले आणि भिंतीतून प्लगच उपटला. बास्केट उघडली नाही. ट्रेनिंगमध्ये सरांनी एकच गोष्ट दहादा सांगितली होती, आत काही पेटलं तर आधी प्लग, आणि डबा बंदच ठेवायचा, बाहेरची हवा लागली की जाळ वाढतो. हात उघडायला धावत होता, मी तो दुसऱ्या हाताने धरला. खिडक्या उघडल्या. हळूहळू धूर कमी झाला.

मॅडमच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत होते. धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. पदराने पोरीचं तोंड झाकून आरामात बसलेल्या.

"पोर मन्हाजोडे शे," त्या मला म्हणाल्या. "तू तुन्हं काम कर."

सोनवणे मॅडम मात्र चिडल्या होत्या. "राहू दे बाई आता. मशीन घेऊन जा."

"मॅडम, एकदा. फक्त एकदा करते. तुमचे मासे पण तयार आहेत."

"करू दे गं," भिशीतल्या एक बाई म्हणाल्या. "नाही तरी पडदे धुवायलाच टाकायचे होते ना तुझे."

सगळ्या हसल्या. मी पण हसले, रडू येत होतं तरी.

मशीन गार झाल्यावर उलटं केलं, कॉइलवरची काजळी ब्रशने झाडली. दिसेल तेवढी सगळी काढली. मग मासा. फिले म्हणजे काटा आणि कातडी काढलेला सपाट तुकडा, दुकानात फ्रीझरमध्ये मिळतो. पाणी कागदाने टिपून घ्यायचं, नाहीतर तो भाजत नाही, उकडतो. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण, लिंबू. वरून ब्रशने तेलाचा नुसता हात. मीठ मी चाखून बघूच शकत नाही, म्हणून मापाने टाकते आणि देवाचं नाव घेते. एकशे ऐंशीवर लावलं, मध्ये एकदा उलटलं.

अक्का टक लावून बघत होत्या. "हाई काय शे वं माय? ना धूर, ना इस्तो. मंग भाजास कसं?" इस्तो म्हणजे विस्तव.

"आई, धूर आत्ताच नाही का झाला हॉलभर?" मॅडम म्हणाल्या.

उलटताना वास आला. पुन्हा जळालं का काय! पण नाही. मासा छान सोनेरी. चमच्याने दाबला तर पाकळ्या सुटल्या, म्हणजे आतपर्यंत शिजला. वास मात्र वेगळाच. मी पहिला तुकडा अक्कांना दिला आणि डोळे मिटून उभी राहिले.

अक्का चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "भरीतनी मायक वास येस!"

झालं! एकदम सगळ्या टेबलाकडे. आपल्याकडे माणूस वांग्याचं भरीत कशावरून ओळखतो? कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला जो धूर लागतो, त्यावरून. गॅसवरच्या भरताला आपण भरीत म्हणत पण नाही. तो वास माशाला आलेला! आत कुठेतरी उरलेल्या पानाचा धूर लागला असणार. बायका वेड्या झाल्या. एकीने बोटं चाटली, एकीने दुसरीच्या प्लेटमधला उचलला.

"आखो दे वं पोरी," अक्का ओरडल्या. "बठ्ठं मालेच दे!" सगळं त्यांनाच हवं होतं.

"अगं, याला धुराचं वेगळं बटण आहे का?" मॅडमनी विचारलं.

"मला एक लिहून घे."

"मला काळ्या रंगात आहे का?"

मी हसत सुटले. थांबताच येईना. पोरगी पण टाळ्या वाजवायला लागली. मी किचनमध्ये पळाले आणि भाऊंना फोन लावला. "भाऊ, बुकिंग! खूप आलं!" आणि आनंदात पानाचं पण सगळं सांगून टाकलं.

भाऊ पोट धरून हसले. मग हळूच म्हणाले, "कोणाला बोलू नको. पुढच्या डेमोला पण पान ठेव. तू पक्की."

तू पक्की! माझे पाय जमिनीवर नव्हते.

हॉलमध्ये आले तर सोनवणे मॅडम दारातच, माझं फोनवरचं बोलणं ऐकलेलं. "आरती, घरी करताना पान केवढं ठेवायचं? आमच्या अक्कांना रोज लागेल बघ. मी नसताना त्या करतील."

मी अक्कांकडे बघितलं. त्या माझ्या पोरीला कुरवाळत होत्या. त्या घरी एकट्या असतील, पान पेटेल, आणि त्यांना प्लग ओढायचं सुचेल की बास्केट ओढायचं?

"मॅडम," मी म्हटलं, "पान ठेवू नका. कधीच नाही. कागद पण नाही, रिकाम्या बास्केटमध्ये हलकं काहीच नाही. ते वर उडतं आणि पेटतं. आजचं चुकून झालं. धुराचं बटणबिटण काही नाही."

मग ती काळ्या रंगवाली म्हणाली, "मग माझं राहू दे." तिच्यामागून अजून काही जणींचं राहिलं.

अक्काच बोलल्या. "मंग धूर कसा द्याना?"

मी सांगितलं, मासा बाहेर काढा, पातेल्यात ठेवा, मध्ये वाटीत पेटता कोळसा, त्यावर तुपाचा थेंब, आणि झाकण. आपला नेहमीचा धुंगार. सोनवणे मॅडमनी त्यांचं बुकिंग ठेवलं. अजून दोघींनी ठेवलं. बाकीच्यांनी मासा तेवढा संपवला.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंपुढे तीनच बुकिंग ठेवली आणि बाकीची का गेली ते सांगितलं. "आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी सेल्सवाली मी पहिल्यांदा बघतोय."

मी मनात म्हटलं, गेलं.

"असं कर," ते म्हणाले. "तू सर्व्हिसच्या टेबलावर बस. तक्रारवाले येतात, त्यांना असंच खरं सांगत जा. तिथे चालेल. सेल्समध्ये पुन्हा दिसू नको मला."

म्हणजे पक्की. दुकानात, पंख्याखाली, संध्याकाळी घरी. शिकले ते एवढंच, की खरं बोलणाऱ्या माणसाला दुकानात जागा असते, फक्त ती मागच्या बाजूला असते.

पण अजून तो फोन आठवतो. तू पक्की म्हणून सांगितलेलं, हॉलभर बायका खूश, आणि मॅडम विचारतायत पान केवढं ठेवायचं. भाऊ मला तिथूनच घरी पाठवू शकले असते. खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?