शेवटपर्यंत थांबलेला माणूस

माणूस पारखायची आमच्या मामांची कसोटी एकच. फुटबॉलचा सामना संपायच्या आत जो उठून गेला, तो त्यांच्या लेखी कामातून गेला. मग तो डॉक्टर असो नाहीतर व्याही. माझं एक चांगलं जमत आलेलं स्थळ त्यांनी एवढ्यावरून मोडलं. आपला संघ हरतोय म्हटल्यावर तो मुलगा गर्दीच्या आधी गाडी काढायला गेला होता. मी आठवडाभर मामांशी बोलले नाही, पण खरं सांगायचं तर तो उठला तेव्हा माझ्याही मनातून उतरलाच होता.

मैदानाच्या फाटकासमोर मामांचं सलून. दोन खुर्च्या, एक त्यांची, एक माझी. गिऱ्हाईक बसलं की मामा त्याची मान सरळ करत आणि मागच्या सामन्यात गोलकीपर कसा झोपला होता ते सांगायला लागत. कधीकधी खुर्चीत गोलकीपरच बसलेला असे. तोही बिचारा ऐकून घ्यायचा, गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार?

क्लब सभासदांच्या मालकीचा होता. सभेत चिठ्ठ्या टाकायची पद्धत नव्हती. सगळ्यात जुना सभासद आधी हात वर करी, मग त्याच्याकडे बघून बाकीचे करत. काही वर्षं तो मान मामांकडे होता. बाकांना रंग कुठला द्यायचा, असल्याच गोष्टींवर हात वर व्हायचे, त्यामुळे या मानाचं ओझं कधी कुणाला जाणवलं नव्हतं.

मग गॅलरी धोकादायक ठरली, चांगले खेळाडू एकेक करून दुसरीकडे गेले, आणि एका गुंतवणूक कंपनीने क्लब विकत मागितला. त्यांचा माणूस सामना बघायला आला. फाटकाशीच त्याने आमच्या रंगाचा मफलर घेतला, म्हणून आम्ही त्याचं नावच मफलर ठेवलं. त्या दिवशी बोचरं वारं होतं आणि आम्ही वाईट हरत होतो. निम्मे प्रेक्षक उठून गेले, तरी हा गडी शेवटच्या शिट्टीपर्यंत उभा होता आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

"आपला माणूस आहे," मामा मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो दाढीला आला आणि त्याने सगळं उघड सांगितलं. "मामा, यापुढे संघाची किंमत मैदानावर ठरणार नाही. टीव्हीवर किती लोक बघतात, त्यावर ठरेल. एकेका कंपनीकडे चारचार शहरांतले संघ असतील. भाव वाढला की विकायचा, जमिनीचा तुकडा विकतात तसा."

"आणि आमचा विकाल?" मामांनी विचारलं.

"आत्ता तरी वाढवायचा विचार आहे."

त्यातलं 'आत्ता तरी' मला खटकलं. मी तसं म्हटलंही. मामा म्हणाले, "तू त्याला काल बघितलं नाहीस का?" सभेत त्यांचा हात सगळ्यात आधी वर गेला आणि मागोमाग सगळं सभागृह हातांनी भरलं. माझा हात मांडीवरच राहिला, पण एका हाताने काय होणार होतं?

भाव वाढला. कंपनीने संघ दुसऱ्या कंपनीला विकला, तिने तो उचलून एका मोठ्या शहरात नेला आणि त्याचं नाव बदललं, रंगही बदलले. तिथे तीस हजारांचं नवं स्टेडियम आहे म्हणे. इथलं फाटक बंद झालं.

आपापल्या वाट्याचे पैसे सगळ्यांनी घेतले. कुणी गाडी घेतली, कुणी घर दुरुस्त केलं. शिव्या मात्र एकट्या मामांना. हात वर करताना याच लोकांचे हात लाकडाचे होते का, असं मला अजून विचारावंसं वाटतं. 'सलूनवाल्याचीच बिनपाण्याने झाली' म्हणून हसायचे आणि पलीकडच्या गल्लीत केस कापायला जायचे. रात्री मामी विचारायची, "आज कुणी आलं होतं का?" मामा नुसते हात धुवत राहायचे.

त्यांच्याकडे एकच आधार उरला होता. जो कुणी येईल त्याला ते सांगत, "नाटक केलं हो त्याने. ओरडला काय, थंडीत उभा काय राहिला. मला फसवलं." बोलताना त्यांचा आवाज जरा उभारी धरायचा. फसवला गेलेला माणूस निदान दोषी तरी नसतो.

आणि एका दुपारी मफलर परत आला. संघ विकला तरी मैदानाची जागा त्याच्या कंपनीकडेच होती, ती गोदामाला द्यायची होती, त्या सह्यांसाठी. दुकान रिकामं होतं. मामांनी त्याला बसवलं, फेस केला, वस्तरा लावला. गळ्यापाशी त्यांचा हात थांबला. मी पुसत होते ती कात्री खाली ठेवली.

"एक विचारतो," मामा म्हणाले. "त्या दिवशी शेवटपर्यंत का थांबलात?"

मफलरने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. त्याला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं असावं. "का म्हणजे? मजा आली, मामा. इतका चांगला सामना मी नंतर बघितला नाही. हरत होतात तरी काय खेळलात. तो मफलर अजून आहे माझ्याकडे."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसलं आणि मामांना तर दिसलंच. मामांनी राहिलेली दाढी नीट केली, कुठे ओरखडा येऊ दिला नाही, तुरटी लावली, पैसे घेतले. तो गेल्यावर खुर्चीत बसून राहिले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टातले साहेब आले. टिकून राहिलेल्या दोनचार गिऱ्हाइकांपैकी ते एक. मामांना बरं वाटावं म्हणून त्यांनीच विषय काढला, "काल आला होता म्हणे तो नाटक्या?"

"नाटक्या नव्हता," मामा म्हणाले. "मान खाली घ्या."

पोस्टातल्या साहेबांनी मान खाली घेतली आणि त्यानंतर तेही आले नाहीत.