नायक गायकवाडचा डावा बूट

२००७ साल. मी त्रेपन्न वर्षांचा. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं पलटणीनं शिकवलं. लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाहीत.

डाव्या घोट्याच्या वर माझी जखम दोन वर्षं भरत नव्हती. हळद लावली, पाला लावला, बॅटरीतली काळी पूड लावली. शेवटी ती तळहाताएवढी झाली. शहापूरच्या एका दवाखान्यात दर मंगळवारी अशा जुन्या जखमांची ओपीडी असायची, डॉक्टर कल्याणहून यायचे. मी जायला तयार नव्हतो. मला ओढून नेलं ते जनूनं.

जनू म्हणजे नायक जनार्दन गायकवाड, खर्डीचा. मी सेक्शन कमांडर असताना माझ्या दहा जणांच्या सेक्शनमध्ये अकरा वर्षं; मला उस्ताद म्हणायचा.

डॉक्टर म्हणाले, पायातलं रक्त वर चढत नाही म्हणून जखम भरत नाही. बोटांपासून गुडघ्यापर्यंत आवळून पट्टी बांधायची, आठवडाभर उघडायची नाही. मी तिसऱ्या दिवशी उघडली. आत काय चाललंय ते बघायला नको? पुढच्या मंगळवारी जनूनं सगळ्या पेशंटांसमोर सिस्टरला रिपोर्ट दिला.

"आमच्या उस्तादांवर पहारा लागतो, सिस्टर. मी देतो."

तेव्हापासून तो दर मंगळवारी आला. मी मुरबाडकडून एसटीनं, तो खर्डीवरून जीपनं. मी आत जायचो, तो बाहेर बाकावर बसायचा. बाकावर सगळ्यांचे पाय उघडे, चपलेत नाहीतर फडक्यात. जनूच्या पायात पॉलिश केलेले काळे बूट. मी एकदा म्हटलं, बूट काढून बस की, लग्नाला आलायस का.

"तुमच्यासारखे सडके पाय नायत माझे, उस्ताद."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. त्याला शुगर आहे, हे मला माहीत होतं.

आता १९९० सालचं सांगतो. आमची पोस्ट डोंगरावर, सरहद्दीला. संध्याकाळी १८०० वाजता फूट इन्स्पेक्शन. सेक्शनचे जवान ओळीत बसून बूट-मोजे काढायचे, मी बॅटरी मारून एकेकाच्या बोटांमधून बघायचो. पायाला फोड आला आणि सेक्शन कमांडरला दिसला नाही, तर चूक कमांडरची. एका संध्याकाळी जनूच्या टाचेला फोड दिसला. सकाळच्या पेट्रोलमधून, म्हणजे गस्तीतून, मी त्याचं नाव काढलं, त्याला पोस्टवर रेडिओ सेटवर बसवला. त्याच्या जागी शिपाई शंकर घोडकेला घेतला. जनू म्हणाला, चालतो मी. मी म्हटलं, ऑर्डर आहे.

०५०० ला निघालो. ०७४० ला समोरच्या धारेवरून फायर आला. सेटवर मीच बोललो.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"घोडके. ओव्हर."

जनूचा आवाज आला, "रॉजर. आउट."

घोडकेच्या मरणावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मला वाटलं होतं, बोलायची गरज नाही.

ओपीडीच्या सातव्या महिन्यात एका मंगळवारी जनू बाकावरून खाली पडला. अंग तापानं फणफणलेलं. सिस्टरनं त्याचा डावा बूट ओढून काढला आणि बाकावरचे लोक नाकाला पदर, रुमाल लावून बाजूला झाले. मोजा कातडीला चिकटला होता. दोन बोटं काळी पडली होती, तळव्याला भोक. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले. जनू माझ्याकडे बघेना.

"पाच-सहा महिने."

म्हणजे जखमांच्या डॉक्टरच्या दारात दर मंगळवारी हा माणूस सडका पाय बुटात घालून बसला होता, आणि माझ्या पट्टीवर पहारा देत होता. घरी बायकोला दम देऊन ठेवला होता, उस्तादांना सांगशील तर याद राख. ती माऊलीही गप्प राहिली. दुपारी त्याला ठाण्याला हलवायचं ठरलं. गाडीत घालताना मी विचारलं, का लपवलास?

"दाखवला असता तर तुमी मला घरी बसवला असता. एकदा बसलो होतो."

त्याच रात्री पाय गुडघ्याखालून काढला. विष वर गेलेलं होतं. सोमवारी सकाळी जनू गेला. दुपारी खर्डीला त्याला निरोप दिला. लोकांनी मला दोन शब्द बोला म्हटलं. मी बोललो नाही. तोंड उघडलं असतं तर शिवी आली असती. अकरा वर्षं ज्याचे पाय मी हातात घेऊन बघितले, त्यानं मला दगा दिला. अजून माफ केलेला नाही.

घोडकेचं नाव पलटणीच्या शिळेवर कोरलेलं आहे. जनूचं कुठं नाही, म्हणून इथं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी पावणेसातच्या एसटीनं मी शहापूरला गेलो. सिस्टरनं पट्टी सोडली, जखम नखाएवढी उरली होती. तुमचे पहारेकरी खूश होतील, ती म्हणाली. तिला कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. तिचे हात थांबले.

"बांधा," मी म्हटलं. "आवळून बांधा."