लुआनबाईंच्या हाताखालची पाठ

उत्तर चीनमधल्या हार्बिनचा हिवाळा म्हणजे लुआन याझीबाईंचा हंगाम. बाहेर उणे पंचवीस, सोंगहुआ नदी गोठून रस्त्यासारखी टणक, आणि दक्षिणेकडचे पाहुणे रशियन चर्चच्या घुमटापुढे फोटो काढून काढून पार लाकडं झालेले. ऊब शोधत ते हमामखान्यात शिरत. इमारत रशियनांच्या वेळची, भिंती जाड, छताला फुलांची नक्षी. त्या नक्षीखाली वाफेत बाई उभ्या असत, हातात खरखरीत मोजा चढवून. लोकांच्या अंगाचा मळ घासून काढणं हे त्यांचं काम. "मोठ्या साहेबांच्या बायकांनासुद्धा मी पालथं पाडलंय," असं त्या छातीठोकपणे सांगत.

लेकाला मात्र त्याची लाज. दोंगशेंग दूर दक्षिणेत फोशानला नोकरीला होता. तिथल्या हुइछिंगशी त्याचं लग्न ठरत आलेलं, आणि तिच्या घरी यानं ठोकून दिलेलं की आमची आई हॉटेलात मॅनेजर आहे. ऐन थंडीत मुलगी घर बघायला येणार म्हटल्यावर त्यानं फोनवर गयावया केली.

"आई, ती आहे तोवर हमामखान्याचं नाव काढू नकोस. तिच्या आईला कळलं तर लग्न मोडेल."

"मोडू दे की! मोडणारंच असेल तर लवकर मोडलेलं बरं."

असं बोलल्या खऱ्या, पण फोन ठेवल्यावर कोरडा मोजा उगाच पिळत बसल्या. साऱ्या गावासमोर ताठ मानेनं वावरलेल्या बाईला पोटच्या पोरानं लपवावं, हे फार लागलं. तरी लेकासाठी त्या गप्प राहायला कबूल झाल्या.

हुइछिंग आली ती पातळ कोट घालून. इथे थंडीतही सगळे खातात म्हणून दगडी रस्त्यावर उभं राहून तिनं आइस्क्रीम खाल्लं आणि दात वाजवत घरी परतली.

"मावशी, इथे हमामखान्यात अंग घासून देतात म्हणे. मला न्याल?"

"आई दमलीय," दोंगशेंग घाईघाईनं म्हणाला.

"कोण दमलंय?" बाई उठल्याच. "चल गं."

तो बिचारा मागोमाग आला. बायकांच्या दाराशी गल्ल्यावरची पोरगी ओरडली, "लुआनबाई, आज सुट्टी ना तुमची?"

हुइछिंग बघतच राहिली. बाईंनी मोजा हातात चढवला.

"हो, मी इथेच कामाला आहे. लोकांची अंगं घासते. हॉटेल-बिटेल माझ्या लेकाच्या डोक्यात. घरी जायचं असेल तर जा, थांबायचं असेल तर कपडे काढ."

पोरीचे कान लाल झाले. पण ती थांबली, डोळे मिटून फळीवर पालथी पडली. बाईंनी पाठ घासून काढली आणि दोन थापा दिल्या. थाप म्हणजे कूस बदल, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. हुइछिंगला वाटलं, झालं. ती टॉवेल गुंडाळून चालू लागली. भोवतीच्या बायका खो खो हसल्या.

"अगं ए, अर्धीच झालीस! पुढची बाजू काय फोशानला नेऊन धुणार?" बाईंनी हाक मारली.

तीही हसत सुटली आणि परत येऊन उताणी झाली. मळाच्या करड्या वळ्या पडू लागल्या तशी किंचाळली, "हे सगळं माझ्या अंगावर होतं?"

"मग काय माझ्या? तुमच्याकडे नुसतं पाणी ओतून घेता अंगावर!"

बाहेरच्या दालनात दोंगशेंग नखं खात बसला होता. बाईंच्या मागोमाग हुइछिंग टोमॅटोसारखी लाल होऊन आली आणि त्याच्यासमोरच तिनं आईला स्पीकरवर फोन लावला.

"आई, मावशी हॉटेलात नाहीत. हमामखान्यात लोकांची अंगं घासतात. आज माझं घासलं."

दोंगशेंगनं डोकं हातांत धरलं. बाई कान देऊन फोनजवळ सरकल्या.

"माझी पाठ फार धरते गं," फोनमधून आवाज आला. "घासून मोकळी होईल का, विचार त्यांना."

बाईंनी फोनच हिसकावला. "विहीणबाई, थंडीतच या! मोकळी केल्याशिवाय परत पाठवणार नाही."

"चुकलो, आई," दोंगशेंग पुटपुटला.

"चुकलासच. जा, पुरुषांच्या बाजूला जाऊन अंग घासून घे. आणि आत शिरताना कुणाचा मुलगा आहेस, ते मोठ्यानं सांग."