दोन रेषांमधलं घर

नकाशा कार्यालयात तो आरेखक होता. डोंगरांची उंची दाखवणाऱ्या रेघा एकतीस वर्षं काढल्या, म्हणून सगळे त्याला रेघोबा म्हणत. कागदावर त्याने शेकडो डोंगर उभे केले. घरात दिवा बदलायला मात्र स्टुलावर बायको चढायची.

नव्या आवृत्तीच्या वेळी त्याला एका कड्यावर घराचा काळा ठिपका दिसला. तिथे रेघा इतक्या दाटीवाटीने होत्या, की मुंगीचाही पाय घसरावा. "शाईचा शिंतोडा असणार," म्हणत त्याने तो उडवून टाकला.

नकाशा छापून झाला आणि दोन महिन्यांनी एक विणकाम करणारी बाई त्याच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"माझं घर कुणी खाल्लं? पोस्टमन म्हणतो, नकाशात नाही तिथे मी चढत नाही!"

"मावशी, तिथे माणूस उभा राहू शकत नाही."

"मी तिथे तीन पोरी उभ्या केल्यात!"

साहेबांनी हसू दाबत रेघोबालाच पाहणीला धाडलं.

निम्म्या चढणीवर तो चार पायांवर आला. मावशी पुढे मोजा विणत चालली होती. "खाली बघू नका, वर बघू नका. माझ्या टाचांकडे बघा."

नकाशातली एक रेघ ओलांडून दुसरी लागेपर्यंत वीस मीटरची चढण. त्या दोन रेघांच्या मध्ये लपलेली एक अरुंद सपाट पट्टी. तिच्यावर घर, गोठा, भाजीचा वाफा, मागे खडकातून झरणारं पाणी. खाली नदीकाठी ऐसपैस जमीन, पण एकही छप्पर नाही.

"तिथे का नाही राहत?"

"तिथे नदी येते ना अधूनमधून राहायला."

रेघोबाने घराची जागा टिपून घेतली. उतरताना तो बसूनच उतरला. पँटचं बूड डोंगराने ठेवून घेतलं.

पुढच्या छपाईत त्याने ठिपका परत टाकला. मनाला लागलं होतं, म्हणून जरा ठसठशीतच टाकला.

महिन्याभरात कड्यासमोरच्या उतारावरून पत्र आलं : "जाऊबाईंचा ठिपका माझ्यापेक्षा मोठा का? घर तर माझंच मोठं आहे. येऊन मोजा."

रेघोबाने पत्र दोनदा वाचलं आणि निमूटपणे जाड कापडाची पँट शिवायला टाकली.